मुख्याध्यापक वर्गात केव्हा येणार?

मुलांना शाळेत काय यायला हवे आणि ते आले आहे हे कसे ओळखायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या देशात गेल्या पस्तीस वर्षांत अनेकदा नव्याने लिहिली गेली. १९९१ मध्ये आर. एच. दवे समितीच्या शिफारशींनुसार प्राथमिक स्तरासाठी किमान अध्ययन पातळ्या आल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. २०१७ मध्ये एनसीईआरटीने इयत्तावार आणि विषयवार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. जुलै २०२१ मध्ये पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी ‘निपुण भारत’ सुरू झाले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ध्येये, क्षमता आणि निष्पत्ती अशी पायऱ्यांची मांडणी केली. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षी पहिलीच्या वर्गापासून त्यावर आधारलेला नवा अभ्यासक्रम सुरू झाला.

दर वेळी क्रम साधारण एकच राहिला. आधी दस्तऐवज, मग पाठ्यपुस्तक, मग शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शेवटी नोंदवह्या व अहवाल. या साखळीत एक व्यक्ती अशी आहे, की जिच्या टेबलावरून प्रत्येक परिपत्रक जाते आणि जिच्या सहीशिवाय कोणतीच नोंद पूर्ण होत नाही. ती म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापिका. नवी मानके शाळेत रुजतात की कपाटात पडून राहतात, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. या कामासाठी त्यांची तयारी कशी करून घेतली जाते, याची चिकित्सा मात्र फारशी होत नाही. ती येथे करायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मानकांची अंमलबजावणी कशी नोंदवायची हे आपण मुख्याध्यापकांना शिकवतो, तीच मानके वर्गात घडताना दिसली तर ती ओळखायची कशी, हे शिकवायचे राहून जाते.

एका निष्पत्तीचे काय झाले?

सहावीच्या विज्ञानात एक निष्पत्ती अशी आहे, की मुलांनी साधे शोधप्रयोग करून प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. तिच्याखाली नमुन्यादाखल जे प्रश्न दिले आहेत त्यांत एक चुंबकाचा आहे. मोकळा टांगलेला चुंबक ठरावीक दिशेतच स्थिर होतो का? सातवीसाठी याच निष्पत्तीखाली रंगीत फुलांच्या अर्काने आम्ल व आम्लारी ओळखता येतील का, हिरवी नसलेली पानेही प्रकाशसंश्लेषण करतात का, असे प्रश्न आहेत. प्रश्न उत्तम आहेत. लागणारे साहित्य बहुतेक गावांत मिळते, आणि मुलांना उत्तर स्वतःच्या हाताने शोधता येते.

आता परीक्षेत ‘मोकळा टांगलेला चुंबक ........ दिशेत स्थिर राहतो’ अशी रिकामी जागा आली आणि मुलाने ‘दक्षिणोत्तर’ असे लिहिले, तर त्याला एक गुण मिळेल. निष्पत्ती साध्य झाली का? मुळीच नाही. हे उत्तर जन्मात चुंबक हातात न धरताही देता येते. निष्पत्तीची मागणी वेगळी आहे. मुलाने चुंबक टांगावा, तो पुन्हा पुन्हा हलवून स्थिर होऊ द्यावा, दर वेळी तीच दिशा येते का ते लिहून ठेवावे, तेवढ्याच आकाराची लाकडी पट्टी टांगून तुलना करावी, आणि एखाद्या वेळी वेगळी दिशा आली तर ती का आली याचा माग काढावा.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत हाच पाठ पाहायला मिळाला. बाईंनी वर्गाचे सहा गट केले होते. चार गटांचे चुंबक साधारण एकाच दिशेत थांबले. पाचव्या गटाचा चुंबक थांबेचना, कारण त्यांनी पीळ असलेली सुतळी घेतली होती. सहाव्या गटाचा चुंबक स्थिर होत होता, पण तिरपा. ‘आमचा बिघडलाय,’ एक मुलगी म्हणाली. ‘बाक लोखंडी आहे ना, म्हणून,’ दुसऱ्याचे मत. तिसऱ्याने शेजारच्या गटाचा चुंबक जेमतेम वीतभर अंतरावर लोंबतो आहे, तिकडे बोट दाखवले. तिन्ही शक्यता तपासण्याजोग्या होत्या. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असते, आणि वीतभर अंतरावरचा शाळेतला पट्टीचुंबकसुद्धा त्याच्या कामात चांगलाच अडथळा आणू शकतो. मुले जागा बदलून पाहण्याच्या बेतात होती.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. गोंगाट ऐकून आले असावेत. त्यांनी टाचणवही पाहिली, पाठ किती दिवस मागे आहे ते विचारले आणि मग वर्गाला प्रश्न केला, ‘चुंबक कोणत्या दिशेत थांबतो?’ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘दक्षिणोत्तर!’ सहाव्या गटानेही तेच सांगितले. सर समाधानाने गेले. बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि साहित्य गोळा करायला सांगितले.

हे गृहस्थ कामचुकार नव्हते. शाळा नीटनेटकी होती, हजेरी चांगली होती, आणि निष्पत्तींचा तक्ता त्यांनी सर्व शिक्षकांकडून वेळेवर भरून घेतला होता. त्या तक्त्यात या निष्पत्तीपुढे ‘साध्य’ अशी खूण आधीच पडलेली होती. ती निष्पत्ती खरोखर साध्य होऊ लागली होती ती त्या दिवशी, त्यांच्या डोळ्यांसमोर. ती त्यांना दिसली नाही, कारण काय पाहायचे ते त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

नोंदींचा धडा

हे नव्या मानकांच्या बाबतीत प्रथमच घडते आहे असे नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात आकारिक व संकलित मूल्यमापन सुरू झाले. आकारिक मूल्यमापनाची साधने आज पुन्हा वाचली तर त्यांमागचा विचार किती चांगला होता हे जाणवते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, न सांगता घ्यायच्या छोट्या चाचण्या, स्वाध्याय. पुस्तक उघडे ठेवून सोडवायच्या चाचणीलाही त्यात जागा होती. शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी, म्हणजे त्या मुलाकडे नीट पाहिले जाईल, अशी अपेक्षा होती.

पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊकच आहे. तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या. पुस्तिका शेजारी ठेवायची आणि वाक्ये उतरवून काढायची, असा नोंदींचा मोसम सत्राच्या शेवटी येऊ लागला. दोष एकट्या शिक्षकांवर टाकणे सोपे आहे. पण मुख्याध्यापकांनी या नोंदी कशा तपासल्या ते पाहिले पाहिजे. बहुतेक ठिकाणी रकाना भरला आहे की रिकामा आहे, एवढेच तपासले गेले. ‘ही नोंद याच मुलाची कशावरून? त्या दिवशी त्याने काय केले होते?’ एवढे दोन प्रश्न विचारले गेले असते, तर पुस्तिकांचा धंदा चालला नसता. पण वह्या कशा ठेवायच्या, श्रेणी कशा काढायच्या आणि तक्ते केव्हा पाठवायचे, यावरच प्रशिक्षणाचा भर असेल, तर तपासणीही त्याच गोष्टींची होणार. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये ही मूल्यमापन पद्धत आपल्या शाळांपुरती सोडूनच दिली. कल्पना वाईट ठरली असे तेव्हा म्हटले गेले. ती नीट वापरून तरी कोठे पाहिली होती?

नेतृत्व कशाचे?

मुख्याध्यापकांच्या तयारीकडे शासनाचे लक्षच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ मध्ये नवी दिल्लीच्या ‘नीपा’ या संस्थेत (तेव्हा तिचे नाव ‘न्यूपा’ होते) राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र स्थापन झाले. त्याच्या अभ्यासक्रमात नेतृत्वाचा दृष्टिकोन, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापन प्रक्रियेत परिवर्तन, संघबांधणी, नवोपक्रम, समाजाशी भागीदारी आणि शालेय प्रशासन अशी क्षेत्रे आहेत. मुख्याध्यापक म्हणजे वरच्या कार्यालयाचे कारकून, ही समजूत मोडण्याचे श्रेय या मांडणीला दिले पाहिजे.

तिची उणीव दुसरीकडे आहे. ही क्षेत्रे सर्व विषयांना, सर्व इयत्तांना आणि कोणत्याही मानकांना सारखीच लागू पडतात. १९९१ च्या मानकांनाही ती लागू पडली असती आणि २०२३ च्याही. शिकणे मात्र नेहमी कशाचे तरी असते : अपूर्णांकांचे, चुंबकाचे, उतारा वाचून लेखकाचे म्हणणे ओळखण्याचे. संघबांधणीच्या सत्रात मुख्याध्यापक गटचर्चा करतात, ध्येयवाक्य तयार करतात, शाळेचा विकास आराखडा लिहितात. त्या आराखड्यात ‘विज्ञान विषयाची गुणवत्ता वाढवणे’ असे एक कलम असते. सहावीच्या वर्गात तिरप्या थांबलेल्या चुंबकाचे काय करायचे, याविषयी ते कलम काही सांगत नाही.

२१ ऑगस्ट २०१९ रोजी ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले. प्राथमिक व उच्च प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांपर्यंत पोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत वरून खाली येता येता आशय झिरपून जातो. त्यासाठी मधल्या पायऱ्या कमी करण्याचा आणि नेतृत्वासाठी वेगळ्या साधनव्यक्ती तयार करण्याचा त्यात चांगला प्रयत्न होता. मग कोविडची साथ आली आणि ऑक्टोबर २०२० पासून हेच प्रशिक्षण ‘दीक्षा’ या मंचावर १८ घटकसंचांच्या रूपाने सुरू झाले. दुर्गम भागातल्या मुख्याध्यापकांनाही ते घरबसल्या मिळाले, हा लाभ खरा आहे. पण घटकसंच पूर्ण केल्याचा पुरावा म्हणजे चित्रफिती पाहणे आणि शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवणे. पाठांतराची परीक्षा सोडून क्षमतांकडे वळा, हा संदेश देणाऱ्या प्रशिक्षणाची स्वतःची परीक्षा मात्र चार पर्यायांपैकी एक निवडण्याची. प्रमाणपत्र मिळते, वर्ग पाहण्याची नजर त्यातून मिळाली की नाही, हे कळायला मार्ग नाही.

गंमत अशी, की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला ही गोष्ट कळलेली दिसते. शाळाप्रमुखांनी दर वर्षी ५० किंवा अधिक तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे धोरण म्हणते. त्यात नेतृत्व व व्यवस्थापन यांच्या जोडीला विषयाचा आशय व अध्यापनशास्त्र असावे, असेही म्हणते. म्हणजे धोरणात आशय आहे. तो प्रशिक्षणाच्या खोलीत यायचा आहे.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. शाळाप्रमुखांच्या निरनिराळ्या कामांपैकी कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी सर्वांत जास्त संबंध दिसतो, हे त्यांनी पाहिले. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे, हे काम पहिल्या क्रमांकावर आले. हे विश्लेषण मोजक्या अभ्यासांवर आधारलेले आहे, आणि ते अभ्यास आपल्यासारख्या शाळांतले नाहीत; म्हणून त्यातले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण ‘स्वतः सहभागी होणे’ हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. प्रशिक्षणाला शिक्षक पाठवणे आणि शिक्षकांबरोबर बसून शिकणे, यांत फरक आहे.

मानक आणि ताडून पाहणे

मानक या शब्दाशी आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचा रोजचा संबंध येतो. किलोग्रॅमच्या मूळ प्रमाण वजनाची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. परंतु आपल्या गल्लीतल्या वाण्याच्या वजनावर आपला विश्वास असतो तो त्या प्रतीमुळे थेट नाही. वैधमापन खात्याचे निरीक्षक त्याची वजने आपल्याजवळच्या प्रमाण वजनांशी ताडून पाहतात. त्यांची वजने आणखी वरच्या वजनांशी ताडलेली असतात. अशी ही साखळी दिल्लीपर्यंत पोचते. २० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्याच बदलली. धातूच्या ठोकळ्याऐवजी ती प्लांकच्या स्थिरांकाशी जोडली गेली. वाण्याला त्याचा पत्ताही लागला नाही, आणि लागण्याची गरजही नव्हती, कारण ताडून पाहण्याची साखळी शाबूत होती.

शिक्षणात आपण उलटे करतो. व्याख्या मोठ्या गाजावाजाने बदलतो, आणि ताडून पाहण्याची साखळी तयारच करत नाही. ‘शोधप्रयोग करतो’ ही निष्पत्ती साध्य झाली असे एका शाळेत ज्या कामाला म्हणतात, त्याच कामाला शेजारच्या शाळेत काय म्हणतील? हे मुख्याध्यापकांनी एकत्र बसून कधी पडताळले आहे का? नसेल, तर जिल्ह्याच्या एकत्रित तक्त्यातली टक्केवारी म्हणजे न ताडलेल्या तराजूंवर केलेली मापे. त्यांची बेरीज करता येते, पण अर्थ लावता येत नाही.

होशंगाबादची आठवण

ताडून पाहण्याची अशी साखळी आपल्या शेजारच्याच राज्यात एकदा उभी राहिली होती. १९७२ मध्ये फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला. त्याची पुस्तके आणि प्रयोगपेट्या पुष्कळांना माहीत असतात. त्याची खरी ताकद मात्र रचनेत होती. उन्हाळी प्रशिक्षणात शिक्षक स्वतः मुलांचेच प्रयोग करीत आणि अडखळत. दर महिन्याला संगम केंद्रावर शिक्षकांची बैठक होई. शाळेत अनुवर्तनासाठी जाणारी व्यक्ती वर्गात बसे आणि अडचणीत मदत करी. परीक्षाही बदलली होती : लेखी परीक्षेत पुस्तक उघडे आणि जोडीला प्रयोगांची परीक्षा. त्यामुळे पाठांतराने भागत नसे.

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षे सरकारी शाळांमध्ये, सरकारी शिक्षकांनीच तो चालवला, हे विसरता येणार नाही. ‘आपल्याकडे हे जमणार नाही’ या आक्षेपाला त्यात उत्तर आहे.

अडचणी खऱ्या आहेत

मुख्याध्यापक वाचत असतील तर त्यांच्या मनात एव्हाना काही गोष्टी आल्या असतील. पहिली म्हणजे वेळ. पोषण आहाराचा हिशेब, ‘यू-डायस प्लस’ आणि ‘सरल’मधील माहिती, बांधकाम, शिष्यवृत्त्या, निवडणुकीची कामे. यातून वर्गात जायचे केव्हा? दुसरी, विषयज्ञान. खासगी अनुदानित शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळते. आयुष्यभर मराठी किंवा इतिहास शिकवलेल्या व्यक्तीने विज्ञानाचा तास कसा जोखायचा? तिसरी, पदच नसणे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच मुख्याध्यापक मिळतो. वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी चौथीला शिकवता शिकवताच मुख्याध्यापकही असतात.

पहिल्या अडचणीवर प्रशिक्षणाने उत्तर मिळणार नाही. ते शासनानेच द्यायचे आहे. नव्या मानकांबरोबर एक नवी नोंदवही येत असेल तर एक जुनी बंद झाली पाहिजे, एवढा नियम केला तरी पुष्कळ होईल. दुसरी अडचण वाटते तेवढी मोठी नाही. इतिहासाच्या शिक्षकाला चुंबकत्वाचे गणित यायला नको. ‘तुम्हाला हे कशावरून कळले?’ हा प्रश्न मात्र त्याच्या विषयातही पहिला प्रश्न असतो. त्या वर्गात सरांनी सहाव्या गटाला एवढेच विचारले असते, तरी उरलेला अर्धा तास मुलांनी सत्कारणी लावला असता. तिसऱ्या अडचणीचे उत्तर केंद्र पातळीवर आहे. केंद्रप्रमुख आहेत, केंद्रस्तरीय शिक्षण परिषदाही भरतात. त्यांत परिपत्रकांच्या वाचनाला किती वेळ जातो आणि मुलांच्या कामाला किती, हे प्रत्येकाने आपापल्या केंद्रात मोजून पाहावे.

तयारीचा आराखडा फार मोठा असण्याची गरज नाही. प्रत्येक मुख्याध्यापकाने नव्या अभ्यासक्रमातल्या दोन-तीन निष्पत्ती आधी विद्यार्थी होऊन स्वतः करून पाहाव्यात. चुंबक टांगावा, जास्वंदीच्या अर्कात लिंबू पिळावे, साबणाचे पाणी घालावे. मग आपल्या शाळेतील पाच-सहा मुलांच्या वह्यांची पाने घेऊन केंद्रात यावे. प्रत्येकाने ती पाने एकट्याने तपासून निष्पत्ती साध्य, अंशतः साध्य की असाध्य ते लिहावे, आणि त्यानंतरच सगळ्यांची मते शेजारी शेजारी मांडावीत. मते जुळणार नाहीत. तेथूनच खरे प्रशिक्षण सुरू होईल, कारण मतभेद मिटवण्यासाठी निष्पत्तीचा शब्द न् शब्द वाचावा लागेल. परत आल्यावर आठवड्यातून एक तास, शिक्षकांना आधी सांगून, वर्गात मागच्या बाकावर बसावे. टाचणवही मागू नये. एखाद्या मुलाला त्याने काय केले आणि का केले ते विचारावे, आणि तासानंतर शिक्षकांशी दहा मिनिटे बोलावे. शिवाय तीन गोष्टी फक्त मुख्याध्यापकांच्याच हातात असतात, त्या त्यांनी कराव्यात : प्रयोगासाठी जोडतासिका द्यावी, साहित्याच्या कपाटाची किल्ली शिक्षकांकडे द्यावी, आणि घटक चाचणीतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या तरी काढून टाकून त्यांच्या जागी ‘कशावरून?’ असे विचारणारे प्रश्न घालायला सांगावे.

शिक्षकांनीही वाट पाहत बसू नये. वर्गात एखादा प्रयोग फसला, दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत, मुले भांडू लागली, की सरांना किंवा बाईंना मुद्दाम बोलावून आणावे आणि ते भांडण दाखवावे. नवीन मानके कशी दिसतात हे त्यांना दाखवण्याची याहून चांगली जागा कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात नाही.